दुर्ग स्टेशनसमोरचं मुंडण

केवलराम मेंढेनं जन्मात एकदाच सलूनच्या खुर्चीत बसून डोकं उतरवलं, आणि ते एकदाचं मुंडण त्याला उरलेला जन्म पुरलं. तुम्ही म्हणाल, डोकं काय, महिन्याभरात केस येतात. येतात ना! त्याचेही आले. पन्नाशीच्या माणसाला शोभणार नाहीत इतके दाट आले. भोगायचं होतं ते चुकलं नाही, एवढंच.

माणूस तसा साधा. आमगावकडच्या धानाच्या मुलखातला. घरची जमीन चार भावांत वाटता वाटता संपत आली, तेव्हा सत्तर साली भिलाईला आला आणि पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हटल्यावर समुद्र डोळ्यांपुढे आणू नका. भिलाईत खलाशी म्हणजे क्रेननं उचलायच्या वजनाला साखळ्या बांधणारा. हे काम जोडीनं चालतं. एक जण वजनाशी वाकून साखळी अडकवतो, दुसरा समोर उभा राहून वरच्या क्रेनवाल्याला हातानं खुणा करतो. उचल, थांब, सोड. त्या कानठळ्यांत बोंबलून काही उपयोग नाही, सगळा कारभार हातांचा. खाली वाकलेल्याची मान समोरच्याच्या दोन हातांत असते म्हणा ना! केवलरामसमोर अठरा वर्षं जो उभा राहिला, तो बिसाहू यादव.

बिसाहूचं नाव मी बिनदिक्कत घेतोय. केवलरामला ते घ्यायची मुभा नव्हती. का नव्हती, ते आधी सांगून टाकतो.

त्र्याहत्तर साली केवलरामला कावीळ झाली. बायको कौशल्या तेव्हा पोरीला घेऊन गावाकडे. इथे एका खोलीत चौघं जण राहायचे, त्यातल्या तिघांनी आपापल्या वळकट्या उचलल्या नि दुसरीकडे मुक्काम हलवला. हा पिवळाधम्मक होऊन एकटा पडलेला. तिसऱ्या दिवशी बिसाहू आला, त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, कमरेला गमछ्यानं स्वतःशी बांधलं आणि शिवनाथ नदीपलीकडे, रसमड्याच्या बाजूला असलेल्या आपल्या गावी घेऊन गेला. महिनाभर त्या घरानं याला सांभाळलं. बिसाहूची म्हातारी आई पेज पाजायची, बायको सुखबती ओकाऱ्या साफ करायची. सख्ख्या भावांपैकी एकही फिरकला नाही, हेही सांगून ठेवतो.

बरा होऊन निघाला तेव्हा म्हातारी म्हणाली, असा नको जाऊस, मितान होऊन जा. छत्तीसगढात जन्माची मैत्री बांधायची ही रीत आहे. पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात, ज्याला महाप्रसाद म्हणतात, तो एकमेकांच्या तोंडात घालायचा, नारळ बदलायचे, कपाळी टिळा लावायचा. झाले मितान! त्या घडीपासून एकमेकांचं नाव बंद. हाक मारायची ती ‘महापरसाद’ म्हणून. याची पोरं त्याला फूलददा म्हणणार, त्याची पोरं याला. घरातलं कोणीही मितानाचं नाव उच्चारत नाही. म्हातारीनं दोघांना समोर बसवून बजावलं होतं, की सुखात आला नाहीत तर चालेल, पण एकाच्या मरणात दुसऱ्यानं घरच्यांच्या रांगेत बसून डोकं उतरवलं पाहिजे. केवलराम तेव्हा हसला होता. पस्तिशीत मरणाबद्दल कोण गंभीर होतं?

पण बिसाहू विसरणाऱ्यातला नव्हता. एकोणऐंशी साली केवलरामचा बाप गेला. दहाव्याला नदीकाठी भावकी बसली, न्हावी वस्तरा परजत होता, तेवढ्यात हा गडी धुळीनं माखलेला दाखल. रात्रपाळी करून, गाडी पकडून, स्टेशनपासून चालत आला होता. सरळ रांगेत जाऊन बसला. न्हावी म्हणाला, “हे कोन आहेत बाप्पा?” भाऊ एकमेकांची तोंडं बघायला लागले. बिसाहूनं केस दिले नि मिशीही दिली. आणि मिशी कसली, बाप रे! प्लांटमधल्या अख्ख्या शॉपमध्ये तिची कीर्ती होती, रोज तेल लावून पीळ द्यायचा. केवलराम बापासाठी तोवर रडला नव्हता. ती मिशी मातीत पडलेली पाहिली आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला. “महापरसाद, मी तुया कामी येईन,” असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी मागितलं नव्हतं, आपणहून सांगितलं.

आता सरळ मे महिन्यात या. एकोणनव्वद साल. केवलराम चार्जमन, म्हणजे खलाशांचा मुकादम झालेला, तरी जोडी बिसाहूशीच, सेक्टर सहामध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर, पोरगी विजया बी.ए. झालेली, आणि नागपूरचं स्थळ जमलेलं. जमवलं कोणी? कौशल्याचा चुलतभाऊ श्यामराव. हा सेक्टर १० मध्ये राहायचा, ऑफिसर होता, आणि आपण ऑफिसर आहोत हे तो झोपेतही विसरत नसावा. लग्न त्याच्याच बंगलीसमोरच्या हिरवळीवर ठरलं. मंगळवारचा मुहूर्त, बुधवारी संध्याकाळी नागपूरला पाव्हण्यांकडे रिसेप्शन. कौशल्या तर हवेतच होती. खलाशाच्या पोरीचं लग्न सेक्टर १० मध्ये!

बिसाहूनं पंधरा दिवसांची रजा टाकली होती. आधी घराचे खपरे, म्हणजे कौलं, फेरून घ्यायचे, मग लग्नाला मोकळा. फूलददा म्हणून पोरीला काशाची थाळी द्यायची होती, तीही त्यानं आणून ठेवलेली. रणरणत्या उन्हात दोन दिवस छपरावर बसला, लू लागली, आणि सोमवारी सकाळी संपला. लग्नाला आठ दिवस होते.

त्याचा थोरला मुलगा हेमलाल, रसमड्याला एका कारखान्यात कामाला होता, तो सांगायला आला. क्वार्टरसमोर हळदीच्या मांडवाचे बांबू पडलेले पाहून बाहेरच थांबला. सुतकी अंगानं लग्नघराच्या कुंपणालाही हात लावला नाही त्यानं, बघा किती समज! केवलराम फाटकाशी गेला.

“फूलददा, बाबू नइ रहिस,” हेमलाल म्हणाला.

केवलराम आत आला नि चपला शोधायला लागला. समोरच होत्या, त्याला दिसेनात. कौशल्यानं विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तिनं कपाळावर हात मारला.

“अवं माय! आताच मरायचं होतं का त्याले?”

“कौशल्या, जीभ आवर.”

“मी काय वाईट म्हनून राहिली? तुमी तिकडं जाऊन डोस्कं भादरून याल, अन् मंग पोरीच्या अंगाले हळद कोन लावन? बोडक्या डोस्क्यानं कन्यादान करान? सासरचे काय म्हनतीन?”

श्यामराव खुर्चीतच होता, निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत. पेन खाली न ठेवता म्हणाला, “भाऊजी, शास्त्रात दाखवा मले. मितानाचं सुतक कोनत्या पोथीत लिहिलं आहे? ना गोत्र, ना जात. दोस्त होता, वाईट झालं. लग्न उरकून भेटून या.”

“त्यानं माह्या बापासाठी मिशी देली, श्यामराव.”

“मंग तुमाले मिशी कुठं आहे?” श्यामराव हसला. स्वतःच्या विनोदावर पहिल्यांदा स्वतः हसायची त्याची सवयच होती.

केवलरामनं त्याला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. नाही झापलं. या माणसाचा हाच रोग. प्लांटमध्ये टनाटनाची वजनं डोक्यावरून जाताना न डरणारा हा गडी, चष्मा लावलेल्या नातेवाइकासमोर मूग गिळून बसायचा. शेवटी बोटं मोजून एक तोड निघाली. मरणापासून मोजलं तर लग्न नवव्या दिवशी, डोकी उतरवायचं दशगात्र दहाव्या. मंगळवारी पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या, की बुधवारी पहाटेच गावी जाऊन डोकं द्यायचं. दोन्ही साधतं. कौशल्याही “बरं” म्हणाली. आज मातीला जायचं मात्र नाही, म्हणजे विटाळ नको.

केवलराम बाहेर गेला. हेमलाल उन्हात उभाच होता.

“दहाव्याले येतो. न्हाव्याले सांगून ठेव, माहं डोकं बाकी आहे म्हणून. आईले सांग, मी येतोच.”

हेमलालनं मान डोलावली आणि सायकलवर टांग मारली. बापाला उचलायला त्याला वेळेत पोचायचं होतं.

लग्न थाटात झालं. केवलरामनं हसून घेतलं, हात जोडून घेतले, जेवणाच्या पंगतीत आग्रहही केला. बुधवारी पहाटे तो धोतर गुंडाळून पिशवीत भरत होता, तोच श्यामराव आला. नागपूरची बस सात वाजता निघते, म्हणाला, आणि मुलीचा बाप त्यात नसेल तर नवऱ्याची आई पहिल्याच दिवशी विजयाला काय काय ऐकवेल याचा विचार करा. “जरा दम धरा भाऊजी. मेलेल्या मानसाले घाई नसते. जित्या पोरीचं पाहा.”

विजयाचं नाव निघालं आणि केवलराम विरघळला. खरंच विरघळला की त्याला विरघळायचंच होतं? मला विचाराल तर दुसरं. पिशवी त्यानं बसमध्ये बरोबर घेतली, हे मात्र खरं. धोतर मांडीवर घेऊन बसला होता.

दुर्ग ओलांडलं की शिवनाथचा पूल. वऱ्हाडाची गाडी नदी ओलांडताना थांबते, नवरीच्या बापानं नदीला नारळ द्यायचा असतो. बस पुलाच्या तोंडाशी थांबली. केवलराम नारळ घेऊन उतरला, डोक्याला लग्नातला गुलाबी फेटा तसाच. कठड्याशी गेला नि खाली पाहिलं.

पल्याडच्या काठाला, हाकेच्या पलीकडे, पांढरी धोतरं दिसत होती. पंधरावीस माणसं वाळूत बसलेली. बायका एका बाजूला. तोच घाट. दहाव्याचाच दिवस. पूल ओलांडून डावीकडे उतरलं की पायवाट सरळ तिथे, जेमतेम पंधरा मिनिटांची.

त्या पांढऱ्या घोळक्यातून एक जण उठला आणि पाण्यापर्यंत आला. त्यानं उजवा हात वर केला, तळवा खाली करून दोनदा हळूच आपल्याकडे ओढला. खलाशांची खूण. वजन इकडे घे. हेमलालनं बापाकडूनच ती पाहिलेली असणार.

केवलरामला ती खूण दिसली. उगाच दिसली नाही वगैरे म्हणू नका. हात वाचण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, त्याला अर्ध्या मैलावरूनही कळलं, की मला बोलवून राहिला.

“भाऊजी, चला ना! उशीर होऊन राहिला,” बसच्या दारातून श्यामराव ओरडला. खिडकीतून वऱ्हाडी डोकावत होते. कौशल्या डोळ्यांनीच चला म्हणत होती. केवलरामनं नारळ पाण्यात टाकला, हात जोडले, आणि मागे न पाहता बसमध्ये चढला. बस पूल ओलांडून गेली. डावीकडची पायवाट आली आणि गेली. तो मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिला.

आणि नागपूरला काय झालं ऐका. काही नाही! नवऱ्याच्या आईनं “या” म्हटलं आणि पुढे निघून गेली. तीनशे माणसांत मुलीचा बाप कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर आइस्क्रीमचा कप धरून बसलेला. फोटोवाल्यानं त्याला बोलावलंच नाही. अल्बम आला तेव्हा एका फोटोत त्याचा खांदा होता, तोही श्यामरावच्या मागे. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, मग शुक्रवारची गाडी. निघताना विजयाला सगळं कळलं. मावसबहिणीनं सांगितलं असावं. पोरगी नव्या नवरीच्या बांगड्यांसकट स्वयंपाकघरातून धावत आली.

“बाबा, फूलददा गेले अन् तुमी मले सांगतलं नाई? तुमी तिकडं कावून नाई गेले?”

“तुया सासूले बोडकं डोस्कं—”

“फेटा होता ना तुमच्या डोक्यावर! कोनाले दिसलं असतं?” आणि ती रडायला लागली. खरंच की, फेटा होता.

दुर्ग आलं तसा तो गाडीतून उतरला. कौशल्यानं अडवलं नाही, सामान घेऊन ती पुढे भिलाईला गेली. स्टेशनसमोर सलून होतं, आरशावर रंगीत बल्ब, रेडिओ चालू. केवलराम खुर्चीत बसला आणि म्हणाला, सगळं काढ. न्हाव्यानं हिंदीत विचारलं, “गर्मी के कारन क्या, सेठ?” हा “हो” म्हणाला. बघा हां, हो म्हणाला! पांढऱ्या कापडावर केस पडले, पोऱ्यानं झाडूनं ते बिड्यांच्या थोटकांबरोबर लोटले. डोक्यावरून गार हवा फिरली तसं केवलरामला हलकं वाटलं. उशीर झाला खरा, पण डोकं तर दिलं, असं तो मनाशी घोकत होता. या माणसाला खरंच वाटलं, की वस्तरा तो वस्तरा, कुठेही फिरला तरी एकच.

गावी पोचला तेव्हा दुपार कलली होती. अर्ध्या छपरावर नवे खपरे, अर्धं उघडंच राहिलेलं. ओसरीत सुखबती बसली होती, कपाळ नि हात मोकळे. हेमलाल बाजूला सुपली दुरुस्त करत होता, त्याचंही डोकं तुळतुळीत. केवलराम समोर उभा राहिला आणि गमछा काढून डोकं दाखवलं. पोरगा पाटीवरचं लिहिलेलं दाखवतो तसं.

सुखबतीनं पाहिलं. ना रडली, ना ओरडली.

“कहाँ मुड़ाएव?” तिनं विचारलं.

“दुर्ग टेसनवर.”

तिनं आपल्या बोलीत शांतपणे सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांची डोकी झाली तरी न्हाव्याला तिनं उठू दिलं नव्हतं. पुलावर गुलाबी फेटा दिसला, हेमलाल म्हणाला फूलददाच आहे, तेव्हा तिनं न्हाव्याच्या वाटीत ताजं पाणी भरायला लावलं. बस गेली तरी तिला वाटलं, माणूस उतरून चालत येत असेल. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं कळवळली, गावकरी कुजबुजायला लागले. पिंडं तशीच ठेवून ते सगळे तिसऱ्या प्रहरापर्यंत वाळूत बसून होते.

“मले माफ कर, मितानिन,” केवलराम म्हणाला. गुडघे टेकले त्यानं.

सुखबती उठली, आत गेली. बाहेर आली ती हातात काशाची थाळी घेऊन, हळदीच्या फडक्यात गुंडाळलेली. दुसऱ्या हातात चहा, कपबशीत. या घरात सोळा वर्षं तो चुलीजवळ बसून बिसाहूच्याच ताटात जेवला होता. कपबशी पटवाऱ्यासारख्या परक्यांसाठी निघायची.

“ए नोनी के आय,” ती म्हणाली. थाळी पोरीची, बिसाहूनं आणलेली, ती पोचायला हवी. “हमर कोती ले पूरा होगे.” आमच्या बाजूनं पूर्ण झालं.

आणि मग ओसरीच्या कडेकडे हात करून म्हणाली, “बइठव, केवलराम भइया. चाय पी लव.”

हेमलालचा हात सुपलीवर थबकला. कळायला लागल्यापासून ज्याला तो फूलददा म्हणत आला, त्याचं नाव या घरात त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. केवलरामनं चहा घेतला. काय करणार, पाहुण्यासारखा बसून सगळा प्यायला, कप खाली ठेवला, थाळी काखेत घेतली आणि निघाला. फाटकापर्यंत कोणी पोचवायला आलं नाही.

पुढे सगळ्यांचं सगळं सुरळीत चाललं, हेच तर वाईट. हेमलालनं छप्पर पुरं केलं, त्याचं लग्न झालं, निमंत्रण केवलरामला आलं नाही. भिलाईतल्या सुपेला बाजारात भेटला की तो हसून “नमस्ते अंकल” म्हणायचा, अगदी अदबीनं. विजया सासरी रुळली, काशाच्या थाळीत लेकराला जेवू घालायची. श्यामराव रिटायर होऊन नागपूरला गेला. केवलरामच्या जोडीला शॉपमध्ये दुसरा माणूस दिला, चांगला होता.

शहाण्णव साली केवलराम रिटायर झाला. शॉपमध्ये निरोपाचा कार्यक्रम, हार, शाल, पेढे. फोरमन म्हणाला, दोन शब्द बोला. हा उभा राहिला, कामाबद्दल चार वाक्यं बोलला. मग म्हणाला की माझ्याबरोबर अठरा वर्षं एक जोडीदार होता, त्याच्या हातांमुळे माझी मान धडावर राहिली. मागून एक नवा पोरगा ओरडला, “नाम बताइए ना, चाचा!”

“बिसाहूराम यादव,” केवलराम म्हणाला.

टाळ्या पडल्या. घरी आला तो हार गळ्यात तसाच. खुर्चीत बसून राहिला. कौशल्यानं पेढ्याचा पुडा सोडला, देवापुढे ठेवला, परत आली तरी हा तसाच.

“अवो, काय झालं? तब्येत बरी नाई का?”

“आज त्याचं नाव घेतलं म्या. सगळ्यांसमोर.”

“मंग? काय झालं?”

“काईच नाई झालं,” केवलराम म्हणाला. “जीभ अडखळलीबी नाई. तेच तं.”